हुशारीची शिक्षा

वर्गात वीस उदाहरणे घातली आणि तिसरीतल्या एखाद्या मुलीने ती दहा मिनिटांत अचूक सोडविली, तर आपल्या शाळांत पुढे काय होते? तिला आणखी वीस उदाहरणे मिळतात. तीही संपली, तर उरलेले पान घरून करून आणावयास सांगितले जाते. अधिक माल काढणाऱ्या कामगाराचा कोटा मालक दुसऱ्याच महिन्यात वाढवितो, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही. आठ वर्षांच्या मुलांना तोच न्याय लावला जातो तेव्हा मात्र त्याला 'प्रोत्साहन' असे गोंडस नाव मिळते आणि आईबापही त्यावर समाधान मानतात.

१९४८ च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाकडून दिवसाला साडेचार तासांपेक्षा अधिक काम घेण्यास मनाई केली होती; त्याहून लहान मुलाला कारखान्यात पाऊल टाकण्यासही बंदी होती. शहरातील 'हुशार' म्हणून नावाजलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा दिवस मोजून पाहावा. पाच-सहा तास शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ आणि शेवटी शिष्यवृत्तीच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका. या कामाच्या तासांना कोणताही कायदा लागू नाही.

अशा मुलाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. त्याची बुद्धी दहा-अकरा वर्षांच्या मुलाची असेल, पण बोटे सात वर्षांच्याच मुलाची असतात. गुणाकार त्याला तोंडी येतो. तो दहा वेळा लिहून काढताना हात दुखतो, अक्षर बिघडते आणि बिघडलेल्या अक्षराबद्दल पुन्हा बोलणी बसतात. रात्री नऊ वाजता वहीपुढे रडत बसलेल्या मुलाला 'एवढा हुशार असून कंटाळा करतोस?' असे विचारले जाते. वस्तुतः तो कंटाळा नव्हे. जे आधीच येते ते पुन्हा पुन्हा करावयास लावले, तर मोठी माणसेही चिडतात. काही मुले यातून लवकरच शहाणी होतात. हात मुद्दाम सावकाश चालवावयाचा, उत्तर ठाऊक असूनही गप्प बसावयाचे, ही युक्ती ती शिकतात. आपल्या शाळेने त्यांना दिलेला हा पहिला व्यवहारधडा!

शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, एकाच खोलीत दोन इयत्ता, वर सर्वेक्षणे आणि निवडणुकांची कामे, अशा स्थितीत लवकर मोकळ्या होणाऱ्या मुलाला गुंतवून ठेवण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे आणखी लिखाण. दोष आहे तो मुलाच्या बुद्धीचे भांडवल करणाऱ्या बाजाराचा. चौथी-सातवीची म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक असलेली शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. इयत्ता बदलली, फलकांवर झळकणारी मुलांची छायाचित्रे तशीच राहिली. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढली. ती अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले आणि सहावीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग निर्वेधपणे चालू राहिले.

शासनाला हे कळत नाही असे नाही. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात लहान मुलांच्या दप्तराचा प्रश्न मांडला. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातील शोधाव्यतिरिक्त गृहपाठच देऊ नये, असे तिने १९९३ च्या अहवालात स्पष्ट सांगितले. २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास, अशी मर्यादा घातली. आठवड्याला दोन तास! किती शाळांच्या सूचनाफलकावर ही ओळ कोणी वाचली आहे? त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष बुद्धीच्या मुलांसाठी मंडळे आणि पूरक साहित्य यांचे आश्वासन आहे. परंतु ते देणारा शिक्षकच जेथे अपुरा, तेथे हे आश्वासन कागदावरच राहणार.

समाजवादी मंडळींना 'प्रज्ञावान मूल' हा शब्द उच्चारतानाच संकोच वाटतो. ही उच्चवर्णीय मध्यमवर्गाची हौस आहे, असे म्हणून प्रश्न बाजूला सारला जातो. हा संकोच चुकीचा आहे. बुद्धी वस्ती पाहून जन्माला येत नाही. ती ओळखली जाते मात्र वस्ती पाहून. गृहपाठ हे त्या ओळखीचे मोठे साधन होऊन बसले आहे, आणि तो मोजतो काय? घरी टेबल आहे की नाही, संध्याकाळी वीज असते की नाही, आई शिकलेली आहे की दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आठला परतते, हे तो मोजतो. ऊसतोड मजुराच्या मुलीची वही कोरी राहिली की ती 'ढ' ठरते. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता ही फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी होती. गृहपाठ करवून घेणारे शिकलेले घर त्या काळी त्या वस्तीत कोठून असणार? तिची बुद्धी फुलली ती शाळेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, यामागेही हीच दृष्टी होती.

तेव्हा मागणी अशी असावयास हवी की हुशार मुलाला लागणारे अधिक शिक्षण शाळेच्या वेळातच मिळाले पाहिजे. धड्यातील सर्वात अवघड पाच उदाहरणे त्याने प्रथम सोडवावीत; बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ. वाचलेल्या वेळात त्याच्या हाती पुस्तक द्यावे, किंवा ज्याचे उत्तर शोधावयास दोन दिवस लागतील असा एकच प्रश्न द्यावा. गावच्या विहिरीचे पाणी महिन्याला किती उतरते हे मोजण्यात गणितही येते आणि समाजशास्त्रही. घरी अर्ध्या तासानंतर वही मिटावी आणि काम अपुरे राहिल्याची नोंद पालकाने खाली करावी. शाळेने ती मुकाट्याने स्वीकारावी. याला पैसा लागत नाही. शाळेचे ग्रंथालय उघडे राहावयास आणि रिक्त जागांवर शिक्षक नेमावयास मात्र लागतो, आणि तो शासनाकडून मिळविण्यासाठी लढावे लागेल.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेक ठिकाणी त्यांना सहीपुरते बोलावले जाते. विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तेथे पालक-शिक्षक संघात शिरले पाहिजे. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील शाळेत जाऊन दोनच गोष्टी मागाव्यात: प्रत्येक इयत्तेला आठवड्याला किती तासांचा गृहपाठ दिला जातो याची लेखी नोंद, आणि वर्गात काम लवकर संपविणाऱ्या मुलांच्या हाती त्यानंतर काय दिले जाते याचे उत्तर.