पितृऋण व भगिनीऋण

घरातील कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे त्याचे गुण गाण्यात आपला समाज सहसा कसूर करीत नाही. जन्मभर राबला, मुलाबाळांसाठी हाडांची काडे केली, स्वतःच्या अंगावर कधी धड वस्त्र घातले नाही, असे दारी आलेला प्रत्येक जण म्हणतो. आणि ते बहुधा खरेही असते. परंतु तेरावा दिवस उलटून आप्तेष्ट आपापल्या गावी गेले म्हणजे या गुणगानाचे पुढे काय होते? दिवंगत पित्याचे स्मरण म्हणजे त्याच्या तसबिरीस हार घालणे, की त्याच्या हातून जे अपुरे राहिले ते पुरे करणे? आमचे मत दुसऱ्या पक्षाचे आहे. ते का, हे सांगण्यासाठी आज आम्ही अशा एका पित्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवितो, की ज्याच्या पुत्राचे नाव घरोघरी आहे, पण ज्याचे स्वतःचे नाव पुत्राच्या नावात मधोमध येते म्हणूनच काय ते आपल्या कानी पडते.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात गेले आणि तेथील शाळेत शिकवीत हेडमास्तरच्या पदास पोचले. त्यांस व त्यांच्या पत्नी भीमाबाई यांस चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी कितीएक बाळपणीच गेली. चौदावे अपत्य ता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मास आले, तेच डॉ. भीमराव आंबेडकर. सन १८९४ च्या सुमारास निवृत्त झाल्यावर रामजी दापोलीस व पुढे साताऱ्यास येऊन राहिले. साताऱ्यास भीमाबाई वारल्या, तेव्हा भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते.

रामजी कबीरपंथी होते. त्यांच्या घरी दारूस थारा नव्हता, भजन व पठण चुकत नव्हते आणि मुलांस त्या वेळी हजर राहावेच लागे. शिस्त कडक, पण ती शिस्त पहिल्याने स्वतःस लावून घेतलेली. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले, तेव्हा सगळ्यांनी एका वेळी निजण्यास जागा पुरत नसे. मग वडील रात्री जागत, दोनच्या सुमारास मुलास अभ्यासास उठवीत आणि त्यानंतर आपण आडवे होत. भीमराव एक परीक्षा उतरले तेव्हा त्यांच्या जातबांधवांनी अभिनंदनाची सभा भरविण्याचे ठरविले. रामजींनी साफ नकार दिला. एवढ्याशा यशाने पोराच्या डोक्यात वारे शिरेल, ही त्यांची भीती. अखेर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केल्यावर त्यांनी होकार दिला, सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेविले.

मुलास पुस्तकांचा नाद होता. ती केवळ शाळेची नसत. रामजी कुरकुरत, पण पुस्तक आणल्यावाचून राहत नसत. पेन्शनचे पैसे संपलेले असले म्हणजे ते विवाहित मुलींच्या घरी जात, रोकड मागत. रोकड नसेल तर मुलीच्या अंगावरचा दागिना मागून घेऊन सावकाराकडे गहाण ठेवीत. त्या पैशांत पुस्तक येई. आणि पुढील पेन्शन हाती पडताच दागिना सोडवून मुलीस परत होई. ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेविली आहे. गहाणवटीचा व्यवहार आमच्या व्यापारी वाचकांस नवा नाही. शेतासाठी, लग्नासाठी, क्वचित् चैनीसाठीही दागिने गहाण पडलेले त्यांनी पाहिले असतील. पुस्तकासाठी गहाण पडलेले दागिने किती पाहिले, हे त्यांनी आपल्या मनाशी आठवून पाहावे.

हे पुस्तकांवरचे कर्ज कसे फळास आले ते जगजाहीर आहे. रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधास लंडन विद्यापीठाने डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली, तो सन १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. देशाच्या चलनाची चिकित्सा करणारा ग्रंथ, आणि तो कोणास अर्पण, तर मुलाच्या पुस्तकासाठी लेकीचा दागिना घेऊन सावकाराची पायरी चढणाऱ्या बापास! रामजींच्या दृष्टीस मात्र तो पडला नाही. सन १९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले आणि लगेच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोचले. ता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेविला. त्याच वर्षी त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या विद्यापीठात दाखल झाला.

कोणी म्हणेल, तुम्ही या गृहस्थास देवपण देऊ पाहता. तसे मुळीच नाही. भीमाबाईंच्या पश्चात रामजींनी दुसरा विवाह केला, तो मुलाच्या मनास लागला होता. मुलाचे लग्नही त्यांनी त्या काळच्या रूढीप्रमाणे कोवळ्या वयातच उरकले. ते आपल्या काळाचे मनुष्य होते. परंतु ज्यास दोष मुळीच नाहीत अशा मनुष्यापासून सामान्य गृहस्थास शिकण्यासारखे फारसे नसते.

तथापि केवळ त्यागाची वाखाणणी करून थांबणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. एका बापास आपला मुलगा शिकविण्यासाठी इतके कष्ट पडावे तरी का? सन १९०१ मध्ये खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळपीडितांस काम मिळावे म्हणून तळे खोदण्याचे काम चालले होते. त्यावर रामजी रोखपाल होते. सुटीत मुलांस त्यांनी भेटीस बोलाविले. मुले नवे कपडे लेवून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पण त्यांचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर चार पावले मागे सरला. एकही गाडीवान त्यांस घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर गाडी मिळाली. आणि वाटेत रात्रभर त्यांस कोणी पाणी दिले नाही. दुष्काळात इतरांच्या पाण्याच्या सोयीसाठी तळे खोदले जात असता त्याचा हिशेब ठेवणाऱ्याची मुले त्याच तालुक्याच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झाली! ज्या समाजात कष्टाळू बापाच्या मुलांस दुप्पट भाडे भरूनही घोटभर पाणी मिळत नाही, त्या समाजाने त्या बापाच्या त्यागाची थोरवी गाण्यापूर्वी आपली मान खाली घातली पाहिजे. बाप थोर असला तरच मुलगा शिकावा, ही काही समाजाच्या भूषणाची गोष्ट नव्हे. सामान्य बापाच्या मुलासही शिकता यावे, ही व्यवस्था खरी. सन १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट ठरविली आणि सन २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला, त्यांचा अर्थ हाच आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. रामजींचा त्याग एकट्या रामजींचा नव्हता. आईविना पोरांचा सांभाळ त्यांची बहीण मीराबाई हिने केला. थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले, तेव्हा धाकट्याची शाळा चालली. आणि दागिने तर मुलींचेच होते. बापाने मागितले, त्यांनी काढून दिले. बापाचे नाव ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत आले. त्या मुलींची नावे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहेत?

म्हणूनच पुढील घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. ज्या मुलाच्या पुस्तकांसाठी बहिणींचे दागिने गहाण पडले, त्यानेच कायदेमंत्री या नात्याने हिंदू संहितेचे विधेयक पुढे रेटले. त्यात पित्याच्या मालमत्तेत मुलीस वाटा देण्याची तरतूद होती. विधेयक रखडले, आणि सन १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक होते. त्यांच्या मनात त्या वेळी बहिणींचे दागिने होते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु पितृऋण ग्रंथ अर्पण करून फेडता येते, भगिनीऋण मात्र न्याय दिल्यावाचून फिटत नाही, हे या चरित्रावरून आम्हांस उमगते. सन १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीस वाटा दिला. सन १९९४ मध्ये महाराष्ट्राने व सन २००५ मध्ये सबंध देशाने वडिलार्जित एकत्र मिळकतीतही तिचा हक्क मानला. आणि सन २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच आहे असे स्पष्ट केले.

आता आपल्या घरांकडे वळू. कायदा झाला, पण दिवस-कार्य आटोपते न आटोपते तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिची सही होते. ती मुकाट्याने सही करते. कारण न केल्यास माहेर तुटेल, हे तिला न सांगता समजलेले असते. ज्या वडिलांच्या प्रेमाचे गोडवे चार दिवसांपूर्वी गायिले, त्यांच्याच लेकीच्या हातून हे लिहून घेताना भावाचा हात का कापत नाही?

यावर तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, तिच्या लग्नास खर्च केला. पण तो खर्च बहुतांशी मांडव, पंगती व मानपान यांत गेला. त्यातून तिच्या हाती काय उरले? शिवाय भावाच्या शिक्षणाचा व लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून कोणी वजा केला आहे काय? दुसरे, ती आपखुशीने सोडते. तसे असेल तर वर्षभर थांबावे, तिला मिळकतीची किंमत सांगावी, स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, आणि मग विचारावे. त्यानंतरही ती सोडील, तर तिची आपखुशी आम्हीही मान्य करू. तिसरे, दुकान वाटले तर धंदा बुडेल. व्यापाऱ्यास हे सांगावयास नको की धंदा न मोडताही भागीदाराचा हिस्सा वहीत मांडता येतो व तो हप्त्याने फेडता येतो. परक्या भागीदाराशी जो चोख व्यवहार आपण करितो, तो सख्ख्या बहिणीशी करण्यास अडचण कसली?

खरा उपाय मात्र हयात पित्याच्याच हाती आहे. ज्यास आपण कष्टाळू व कुटुंबवत्सल म्हणून आठविले जावे असे वाटते, त्याने हातपाय चालत असतानाच मृत्युपत्र करावे, त्यात पत्नीच्या निर्वाहाची तजवीज करावी, मुलीचा वाटा स्पष्ट लिहावा आणि तो मुलांस बोलावून वाचून दाखवावा. रामजी सुभेदार गरीब होते. त्यांच्यापाशी वाटून देण्यासारखे विशेष काही नव्हते. तरीही पेन्शन आले की लेकीचा दागिना ते आधी सोडवून तिच्या हाती देत. उसने घेतलेले परत करावयाचे असते, मग ते पोटच्या मुलीचे का असेना, हे त्या पेन्शनर सुभेदारास कळत होते. ज्यांची दुकाने, घरे व जमिनी आहेत, त्यांस ते न कळण्याचे काहीच कारण नाही.