मदत कागदाला मिळते, कष्टाला नाही



आज फवारणीचा सल्ला नाही. एका विषयावर माझं मत सांगतोय. पटलं नाही तर पुढच्या गटसभेत जरूर बोला.

लॉकडाऊन आठवा. मार्च २०२० ला हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद झाली आणि गायीच्या दुधाचा भाव तिशीवरून विशीला आला, काही ठिकाणी त्याच्याही खाली. २६ मार्चला केंद्राने पॅकेज जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये पीएम किसानचे २००० रुपये खात्यात पडले. अडचणीच्या वेळी थेट पैसे आले, हे चांगलंच झालं. पण ते जादा पैसे नव्हते. वर्षाच्या ६००० मधलाच हप्ता लवकर दिला होता.

आता हिशोब करा. रोज ४० लिटर दूध घालणाऱ्याचे लिटरमागे १० रुपये गेले तर दिवसाला ४०० चा तोटा. म्हणजे २००० रुपये पाच दिवसांत संपले. ज्याच्या गोठ्यात एकही गाय नाही, त्यालाही २०००च. आणि दारात चार गायी पण सातबाऱ्यावर नाव नाही, त्याला शून्य.

राज्य सरकारने तेव्हा पावडरीसाठी रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घ्यायचं ठरवलं, पण ते सहकारी संघांमार्फत. आपल्याकडचं बरंच दूध खाजगी डेअरीला जातं.

माझ्या मते मदत नुकसान बघून द्यावी. २०२४ मध्ये दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, ती पद्धत जास्त बरोबर होती. जेवढं दूध, तेवढी मदत. पण तिथेही गायीच्या कानात टॅग, ऑनलाईन नोंद आणि आधार जोडलेलं खातं लागलं. ज्याची नोंद अर्धवट, त्याचं अनुदान अडकलं. दूध खरं होतं, कागद नव्हता.

सरकारने काय करावं ते आपण मागत राहू. तोवर आपल्या हातातलं करू:

✅ प्रत्येक जनावराला टॅग मारून घ्या. गाय विकली-घेतली तर नोंद बदला.
✅ दुधाच्या पावत्या फेकू नका. दर दहा दिवसांच्या बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
✅ ई-पीक पाहणी मुदतीत स्वतः करा. फार्मर आयडी काढला नसेल तर काढा.
✅ आधार कोणत्या खात्याला जोडलंय, ते बँकेत विचारा. पैसे तिथेच जातात.

शेवटचं, थोडं कडू बोलतो. आपल्या सभासदांत वाट्याने, खंडाने करणारेही आहेत. अतिवृष्टीत बियाणं, खत, मजुरी त्यांची वाहून जाते आणि भरपाई मालकाच्या खात्यात येते. कूळ लागेल या भीतीने मालक काही लिहून देत नाहीत, ती भीती मला समजते. पण निदान पेरणीआधी चार माणसांसमोर ठरवा, की पिकाची भरपाई आली तर ज्याचा खर्च बुडाला त्याला त्याच्या हिश्शाने द्यायची. सरकारी यादीत त्याचं नाव नाही. ते नाव तुम्हाला माहीत आहे.

कागदाच्या कामात अडचण आली तर कंपनीच्या ऑफिसला या. सोबत बसून करू.

— तुमचा कृषी सल्लागार