कोजागरीनंतरचं मांडू

पुतणी ऑक्टोबरात इटली फिरून आली. पिएमाँतचे द्राक्षमळे, अल्बाचा ट्रफलबाजार, फोटोच फोटो. “काकू, आपल्याकडे असं काही नाही गं?”

तिला गाडीत घातलं. देवासहून इंदूर ओलांडून धार, तिथून 35 किलोमीटरवर मांडू. वाटेत सीताफळांच्या टोपल्या. वर महालांपुढे गोरख चिंच, झाड मूळचं आफ्रिकेचं, पण इथे सगळे ‘मांडू की इमली’ म्हणतात. तो पांढरा आंबट गर चघळताना बाईसाहेब वाइन विसरल्या!

मग दाल-पानिये. मक्याचं पीठ, खाली-वर पळसाची पानं, गोवऱ्यांची आच. पानाच्या शिरा पानियावर उमटतात.

खरं सांगू? देवासात 40 वर्षं काढून मी ते पहिल्यांदाच खाल्ले. धार-देवास ही पवारांची संस्थानं, तेव्हापासून आपण इथले. घरी भुट्ट्याचा कीस कौतुकाने व्हायचा. पानिये मात्र ‘भिलांचं खाणं’, उंबऱ्याबाहेर. मीही कधी का विचारलं नाही.

पानिये भाजणाऱ्या बाईंनी विचारलं, “कहाँ से आए?”

“देवास.”

“फिर तो घर के ही हो,” म्हणत त्यांनी माझ्या पानात तिसरा पानिया वाढला.