तट राखला, पाण्याचे काय?

वसईच्या किल्ल्याविषयी लिहायला घेतले की लेखणी आपसूक १७३९ कडे वळते. चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंगांनी फोडलेला तट, पोर्तुगीजांची शरणागती हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तेव्हापासूनची दोनशे वर्षेही पुस्तकांत सविस्तर सापडतात. या सगळ्यात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सुमारे ११० एकरांच्या तटाआड चर्च, मठ, बाजार आणि वस्ती असलेले शहर दोन शतके नांदले, ते कुठल्या पाण्यावर? पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, भोवती दलदल. वाळवंटातल्या तटबंद मरूद्यानांना भोवती पाणी दिसत नाही, वसईला ते चहूकडे दिसते. पण पिण्याजोगे गोडे पाणी दोघांनाही राखूनच वापरावे लागते. म्हणून अशा गावांचा वारसा तटाइतकाच त्यांना जगवणाऱ्या गोड्या पाण्याच्या व्यवस्थेत असतो. आपण मात्र तट राखतो आणि ती व्यवस्था बुजू देतो.

ही व्यवस्था पाहायला किल्ल्याबाहेर, वसईच्या वाड्यांत जावे लागते. तिथली बावखले म्हणजे वाडीच्या मधोमध खणलेली, रुंद तोंडाची गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात ती भरतात आणि आसपासच्या विहिरींनाही पाझर पुरवतात. त्यांच्या जिवावर केळी, पानवेली आणि फुलांची शेती उभी राहिली. सुकेळीचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, नाव झाले तेही त्याच पाण्यावर. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बैलाच्या रहाटाने ते बेताने उपसले जाई, तोवर हा थर टिकून होता. पंप आले, टँकर भरू लागले, तसे खालचे खारे पाणी वर चढू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने टँकरच्या उपशाविरुद्ध आवाज उठवला, त्यामागे हेच कारण होते. त्या आंदोलनाकडे आपण पर्यावरणाचा लढा म्हणून पाहिले. तो वारसा जपण्याचाही लढा होता, हे मात्र ध्यानात घेतले नाही.

जगात अन्यत्र ही समज रुजली आहे. सौदी अरेबियातील अल-अहसा या मरूद्यानाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा तिथल्या किल्ल्या-मशिदींसोबत झरे, विहिरी, कालवे आणि खजुराच्या बागाही त्या वारशात धरल्या गेल्या. याची दुसरी बाजू राजस्थानात दिसते. जैसलमेरचा किल्ला बाराव्या शतकापासून वसता आहे. गडिसर तलावावर भागवणाऱ्या या गावात नळ आले, सांडपाणी वाढले आणि ते टेकडीच्या पोटात झिरपून तटाचा पाया खचू लागला. शत्रूने जे साधले नाही, ते नियोजनशून्य पाणीपुरवठ्याने करून दाखवले. पाणी आणि दगड वेगळे काढले की शेवटी दगडही राहत नाही, हा त्यातला धडा आहे.

हाच धडा घेऊन वसईच्याच मुलखातल्या जूचंद्रकडे पाहू. चंडिकादेवीची टेकडी आणि रांगोळी यांसाठी प्रसिद्ध असलेले, आता वसई-दिवा मार्गावरचे स्थानक असलेले हे गाव टेकडी आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. भोवतीच्या मिठागरांत उधाणाचे पाणी घ्यायचे, शेजारच्या भातखाचरांत ते शिरू द्यायचे नाही. दोन्ही कामे बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातली उघडझाप करणारी दारे, यांच्या जोरावर चालतात. खारे कुठे थांबवायचे हे ठरवणारी ही विद्या आणि गोडे पाणी साठवणारी बावखले मिळूनच वसईचा मुलूख उभा राहिला. पण कायद्याच्या लेखी दोन्ही बेवारस आहेत. पुरातत्त्व कायद्याने किल्ल्याभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढे आणखी २०० मीटर नियंत्रण आहे. बावखल त्या रेषेच्या बाहेर. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम पाहावेत, तर पिण्यासाठी, सिंचनासाठी आणि मिठासाठी माणसाने केलेले जलसाठे त्यातून वगळलेले. माणसाने केले म्हणून ते निसर्ग नव्हेत आणि इमारत नाही म्हणून वारसाही नव्हेत, अशी ही कोंडी आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: आता सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाला येते, मग जुन्या खड्ड्यांचा सोस कशाला? पण सूर्याचे पाणी मुळात पालघर-डहाणूकडच्या शेतीसाठी अडवलेले, आणि ते शहराकडे वळवण्याविरुद्ध तिथले शेतकरी व आदिवासी वर्षानुवर्षे बोलत आहेत. आपले गोडे पाणी बुजवून दुसऱ्याचे आणणे याला विकास म्हणता येणार नाही. शिवाय बावखल उन्हाळ्यात पाणी देते तसे पावसाळ्यात ते पोटात घेते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली. पाऊस फार झाला हे खरे, पण त्याने जायचे कुठे, हाही प्रश्न होताच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बावखले बहुतेक खासगी वाड्यांत आहेत. गावाच्या वारशाचा भार एकट्या मालकाने का सोसावा? सोसू नयेच. बुजवून मिळणाऱ्या पैशाचा मोह नियमाने दाबला की रातोरात भराव पडतो. म्हणून राखणाऱ्याला मोबदला हवा: विकास हक्क हस्तांतरण, मालमत्ता करात सूट, गाळ काढण्याचा खर्च. घरांची गरजही खरी आहे, पण पूर येणाऱ्या सखलात बांधलेले घर गरिबालाच सर्वाधिक महागात पडते.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि नैसर्गिक महत्त्वाची स्थळे राखण्याची मुभा देतो. वसई-विरार महापालिकेने या आधारे प्रत्येक बावखल, सार्वजनिक विहीर, तलाव आणि उघाडीची नकाशासह नोंद करावी, ती यादी लोकांसमोर ठेवावी आणि यादीतल्या जागेवर भराव पडला तर बांधकाम परवानगी नाकारावी. किल्ल्याच्या माहितीफलकांवरही लढायांच्या जोडीला या पाण्याला दोन ओळी मिळाव्यात. सिंधुदुर्गावर गेलेला प्रत्येकजण भर समुद्रातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी कौतुकाने पाहतो, कारण त्यांच्याशिवाय तो किल्ला लढूच शकला नसता. तेवढीच समज वसईच्या वाड्यांना आणि जूचंद्रच्या बांधांना लावायची आहे.