सभागृहे पुष्कळ, सभा कोठे?

आमच्याकडील जनावरांच्या बाजारांत बैलाचा भाव ठरविण्याची एक जुनी रीत आहे. घेणारा व विकणारा यांचे हात एका उपरण्याखाली जातात, बोटे दाबली जातात, भोवती दहापाच माणसे उभी असतात. पण आकडा त्या दोघांवाचून कोणास कळत नाही. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव दर शनिवारी भरणाऱ्या अशाच बाजारामुळे दूरवर ठाऊक झालेले आहे. बैलाच्या सौद्यापुरती ही रीत सोयीची असेल. तिच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते हे की, आमच्या गावांचा बहुतेक समाजव्यवहारच या उपरण्याखाली चालतो. मजुरीचा दर, मुलीचे लग्न, पाण्याची पाळी, निवडणुकीतील मत, आणि प्रसंग पडल्यास न्यायालयातील साक्ष, या सर्वांचा निकाल दोघाचौघांत झाकून लागतो व उरलेल्या गावास तो केवळ कळविण्यात येतो.

याचे कारण आमच्या मते एकच आहे. चारचौघांत उघड बोलण्याची सवय लावणारी जागा गावात नाही. चावडी सरकारची व पाटलाची होती. देऊळ देवाचे असले तरी त्यात कोणी कोठवर यावे हे माणसांनी ठरविले होते. पार पुरुषांचा, आणि तालीम तरुणांची. यांतील प्रत्येक जागेस मालक आहे, व मालकासमोर मनुष्य त्यास रुचेल तेवढेच बोलतो. ज्या जागेत कोणत्याही जातीचा मनुष्य, स्त्री असो की पुरुष, भूमिहीन असो की बागाईतदार, न विचारता येऊन बसू शकेल, प्रश्न विचारू शकेल, आणि आपल्या पोटापाण्यास उपयोगी असे काही शिकून जाईल, अशी तिसरी जागा काष्टीसारख्या प्रत्येक बाजारगावी हवी, असे आमचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, ग्रामसभा असताना ही नवी उठाठेव कशाला? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेस घटनेचा आधार मिळाला, आमच्या राज्याचा कायदा वर्षातून निदान चार सभा घ्यावयास सांगतो, आणि स्त्रियांची सभा आधी घ्यावी असेही त्यात आहे. हे सर्व खरे. परंतु त्याच कायद्याप्रमाणे गणपूर्तीस मतदारांपैकी शंभर किंवा शेकडा पंधरा, यांतील कमी ती संख्या पुरते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट उरत नाही. तेव्हा हजारो वस्तीच्या गावाचा निर्णय मूठभर माणसे एका रजिस्टरावर करू शकतात. आम्ही ग्रामसभेचे शत्रू नव्हे. पण ज्याने एरवी कधी दहाजणांत तोंड उघडले नाही, तो मनुष्य सरपंच, ग्रामसेवक आणि आपला सावकार या तिघांच्या देखत एकाएकी कसा बोलेल? पोहणे विहिरीत शिकावे लागते. पुरात उतरल्यावर शिकता येत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्गातील सुशिक्षितांचा आहे, आणि तो आम्हांस अधिक बोचतो. ते म्हणतात, गावोगाव समाजमंदिरे आहेत, शहरांत व्याख्यानमाला आहेत, सुट्टीत तरुणांची शिबिरेही होतात. आणखी काय हवे? समाजमंदिरांविषयी एवढेच सांगणे पुरे की, त्यांतील पुष्कळांची किल्ली कोणाच्या तरी घरी असते व कुलूप लग्नासाठी किंवा निवडणुकीसाठी निघते. व्याख्यानमालांचा मान आम्ही जाणतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ऐकणे हेच एक धाडस होते. आज ऐकणे ही आमची करमणूक झाली आहे. समतेवर उत्तम व्याख्यान ऐकावे, घरी येऊन त्याची वाखाणणी करावी, आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईस निराळ्या कपात चहा द्यावा, यात आमच्या कुटुंबांना विसंगती भासेनाशी झाली आहे. आणि शिबिरे? पाहुणा शहरातून येतो, हार घेतो, मार्गदर्शन करतो, छायाचित्र काढवितो व जेवून जातो. गावकरी मात्र श्रोता होता तो श्रोताच राहतो. ज्या सभेत खालचा मनुष्य वर बसलेल्यास अडवू शकत नाही, तिला सभा म्हणण्यापेक्षा दरबार म्हणावे.

खरी सभा कशी असते हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या साप्ताहिक बैठकींत मुलांचे शिक्षण, लग्नातील वायफळ खर्च, जोतिष आणि भुताखेतांची भीती असले घरचे प्रश्न चर्चेस येत. आणि त्या चर्चेचे फळ असे की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्राह्मण पुरोहितावाचून लग्न लागले. चर्चा झाली आणि आचार बदलला, या दोहोंमध्ये तीन महिन्यांचे अंतर होते! पुढे मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' काढले व आमच्या याच नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्याच्या तरवडी या खेड्यातून ते अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. छापखाना शहरातच असावा, खेड्याने फक्त वाचावे, ही समजूत त्यांनी मोडली. आणि पुण्याची हमाल पंचायत तर आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट. बाबा आढावांनी (१९३०–२०२५) ज्यांच्या पाठीवर बाजार चालतो त्या हमालांना एकत्र बसविले. त्या बसण्यातून संघटना झाली, १९६९च्या माथाडी कायद्याचा लाभ पदरात पाडून घेण्याचे बळ आले, आणि १९७४ पासून स्वस्त जेवण देणारी 'कष्टाची भाकर' उभी राहिली. या तिन्ही उदाहरणांत दात्याने बांधून दिलेले सभागृह आधी नव्हते. आधी माणसे नेमाने बसली. भिंती मागाहून आल्या.

आता तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत जुना: अशा बैठकींनी गावात तेढ माजेल, शांतता भंगेल. कोणती शांतता? ज्या नेवासे तालुक्यातून 'दीनमित्र' निघे, त्याच तालुक्यात सोनई येथे २०१३ साली तीन दलित तरुणांची हत्या झाली. याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डे येथे २०१४ साली एका दलित विद्यार्थ्याचा दिवसाढवळ्या छळ करून खून झाला. खटला उभा राहिला, एकामागून एक साक्षीदार फिरले, आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाने समोर आलेल्या पुराव्यावर निकाल दिला. त्यावर आम्ही टीका करीत नाही. आमचा प्रश्न त्या मौनाला आहे. जो मनुष्य जन्मभर आपल्याच गावात आपल्या मनचे एक वाक्य मोठ्याने बोललेला नाही, त्याने पिंजऱ्यात उभे राहून, समोर बलवान शेजारी बसलेले असताना, खरे सांगावे ही अपेक्षा कायदा करतो. पण तशी छाती त्याला येईल कोठून? अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे. कायद्याने शिक्षा लिहिली. साक्षीदार घडविण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले, आणि ते आपण केले नाही. गावातील शांतता ही पुष्कळदा फक्त भीतीचे दुसरे नाव असते. तिचा भंग होत असेल तर तो अवश्य व्हावा.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, तेथे सर्वजण बोलतातच. बोलतात खरे, परंतु तेथे प्रत्येक जातीचा, प्रत्येक पक्षाचा कंपू निराळा, आणि ज्याला शिवी दिली त्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. मांडीला मांडी लावून बसल्यावर माणसास माणसाची जी लाज वाटते, ती काचेवर बोट फिरविताना वाटत नाही.

मग करावे काय? काष्टीस शनिवारी आसपासची माणसे येतातच. त्या दिवशी एक भाड्याची खोली आणि दोन सतरंज्या पुरेत. सभा दुपारी भरावी, कारण ती संध्याकाळी ठेवली की चुलीपाशी अडकलेल्या बायका आपोआप बाद होतात. भाडे बसणाऱ्यांच्या वर्गणीतून द्यावे, मग ती रुपया दोन रुपये का असेना. कारण जो भाडे भरतो तोच पुढे घरमालक होतो. अध्यक्ष नको, हार नको, कोनशिला तर मुळीच नको. पहिला तास एखादी कामाची गोष्ट शिकण्यात जावा: काट्याची पावती कशी वाचावी, १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, ते न मिळाल्यास अर्ज कसा करावा, ऊसतोडणीच्या जोडप्याने मुकादमाकडील उचलीचा हिशेब कसा ठेवावा, पोलीस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मागण्याचा हक्क कसा बजावावा. दुसरा तास वादाचा. आणि त्यात जो गेल्या खेपेस बोलला नाही त्याने आधी बोलावे. पाचसहा महिने कदाचित कोणी बोलणार नाही. न बोलो. बसण्याचा नेम मोडू नये म्हणजे झाले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुळे अशाच गावांत आहेत, आणि त्यांतील काहींच्या मनात वडिलांच्या नावाने गावात एखादे सभागृह बांधावे असेही असेल. त्यांस आमचे सांगणे आहे की, पैसे तूर्त आपल्यापाशीच राहू द्यावेत. त्याऐवजी एका शनिवारी तेथे जाऊन सतरंजीवर सर्वांत मागे बसावे, विचारल्यावाचून बोलू नये, आणि ज्याचे बोलणे आजवर कोणी ऐकले नाही त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आम्हां सुशिक्षितांस हे दान सर्वांत जड जाईल. परंतु आज गरज आहे ती याच दानाची.