पोट कापले, भुकेचे काय?

गेल्या महिन्यात येथील मंडळाच्या सभागृहात स्थूलतेवरील शस्त्रक्रियेविषयी एका शल्यविशारदांचे व्याख्यान झाले. व्याख्यान उत्तम झाले, यात शंका नाही. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून उरलेल्याची केळ्याएवढी नळी कशी करतात, भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः त्या काढलेल्या भागातच कसे तयार होते, हे सारे त्यांनी चित्रे दाखवून समजाविले. शेवटी एका भगिनीने उठून विचारले, "शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली. पोट भरलेले असते, तरी रात्री उठून डबे उघडते. काय करावे?" उत्तर मिळाले, "मन घट्ट करा. आम्ही आमचे काम केले, आता तुमचे." सभागृहात हशा पिकला. त्या बाई खाली बसल्या.

त्या उत्तराचा आणि त्या हशाचा मी निषेध करतो. तसे करण्याचा मला थोडा अधिकार आहे; कारण हीच शस्त्रक्रिया मी २०१९ साली करून घेतली आहे, आणि रात्री उठून डबेही उघडले आहेत.

मन घट्ट करून वजन उतरत असते तर जठर कापण्याची वेळ का आली असती? ताबा सुटून खाणे हा स्वतंत्र मानसिक विकार आहे, असे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या रोगसूचीत नोंदविले. शस्त्रक्रियेने त्या विकाराची जागा आकसते, विकार जात नाही. एका बैठकीत चार पोळ्या जात नाहीत, म्हणून मनुष्य दिवसभर टिपत राहतो. पोळी त्या नळीत अडते. श्रीखंड आणि आइस्क्रीम मात्र निमूटपणे उतरतात. काहींच्या बाबतीत ओढ अन्नावरून पेल्यावर जाते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. क्लबातील संध्याकाळी ज्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत, अशा आपल्या वर्गाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

यावर साहाय्य शोधावयास मी निघालो, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. चौथ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. एका समुपदेशकांनी निदान केले, "तुमचे मन अन्नाला नाकारीत आहे." तीन आठवडे मी मनाची समजूत घालीत बसलो. अखेर दुर्बिणीने तपासल्यावर नळी एके ठिकाणी अरुंद झाल्याचे दिसले. फुग्याने ती रुंद केली आणि मनाने अन्न स्वीकारले! ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे. सतत उलट्या झाल्या की शरीरातील थायामिन आटते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुसऱ्या समुपदेशिकेने सल्ला दिला, "भूक लागेल तेव्हा जेवा, पोट सांगेल तेव्हा थांबा." ज्याच्या भुकेची घंटाच कापून काढली आहे, त्याला हा उपदेश! तिसरे गृहस्थ नामांकित मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्याकडे मी का गेलो, तर आमच्या खात्याचे वरिष्ठ त्यांच्याकडे जात. आपण अधिकारी मंडळी वैद्यही हुद्दा पाहून निवडतो. सात मिनिटांत त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. जठर कापलेल्या माणसाला गोळ्या वेगळ्या तऱ्हेने लागू पडू शकतात, याची त्यांनी चौकशीही केली नाही.

आज कोणी मला विचारले तर सांगेन, दारावरची पाटी पाहू नका. समुपदेशक ही पाटी आपल्या देशात बहुतेक कोणालाही लावता येते; चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती आहे काय, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात उद्धटपणा नाही. असे रुग्ण पूर्वी पाहिले आहेत काय? माझ्या शल्यविशारदांना पत्र लिहाल काय? या दोन प्रश्नांना जो चिडेल, त्याचा तत्काळ निरोप घ्यावा. ऑक्सफर्डचे फेअरबर्न यांनी रूढ केलेली पद्धत, म्हणजे ठराविक वेळी खाणे आणि खाल्ले त्याच क्षणी, मनःस्थितीसह, त्याची नोंद करणे, ही ज्याला अवगत आहे तो बरा. त्यातही मोजून खाणे, प्रथिने आधी खाणे, जेवताना पाणी न पिणे हा आपला आजार नसून उपचार आहे, हे त्याला कळले पाहिजे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. नोंदणी, अनुभव, सारे असूनही एका सज्जनांपुढे माझी गाडी अडली, कारण "पानात टाकू नये" या वाक्याचे ओझे त्यांना इंग्रजीतून कळेना. संकष्टीचा उपास आणि चंद्रोदयानंतरचे जेवण, पंगतीतला आग्रह, माहेरपणाला आलेल्या बहिणीने वाढलेली तिसरी पुरणपोळी यांचा अर्थ लावत बसण्यातच बैठक संपे. शेवटी पुण्यातील एक विदुषी दूरदृश्य-संभाषणावर भेटल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, "लहानपणी तुमचे पान कोण वाढीत असे?" मी पाऊण तास बोललो.

आपल्यातील पुष्कळजण जात नाहीत ते कार्यालयात कळेल या भीतीने. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे किती जणांनी वाचले आहे? त्याच कायद्याचे एकविसावे कलम विमा कंपन्यांना मानसिक व शारीरिक आजार एका पायावर धरावयास सांगते. तरीही कापण्याचा लाखांचा खर्च मंजूर होतो आणि आठवड्याच्या बैठकीचे बिल बहुधा परत येते. इतरांची बिले तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी या एका बिलासाठी भांडावयास हरकत नसावी.

मंडळाच्या चिटणिसांस मी पत्र लिहिले आहे की, पुढील व्याख्यानास मानसशास्त्रज्ञास बोलवावे आणि त्या भगिनीस पहिल्या रांगेत जागा द्यावी. उत्तर अद्याप आलेले नाही.