विश्लेषण : कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर दरडीचा धोका कसा ओळखावा?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी अकोले तालुक्यातील बारी, पाचनई, रतनवाडी या गावांत ट्रेकर्सची गर्दी होते. कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर) आणि रतनगडाच्या वाटा याच दिवसांत सर्वांत देखण्या असतात आणि सर्वांत धोकादायकही. पायाखालच्या निसरड्या वाटेची काळजी सगळे घेतात. डोक्यावरच्या उताराकडे फार थोडे जण पाहतात.

दरड का कोसळते?

सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे. कठीण कातळाच्या थरांमध्ये काही ठिकाणी लालसर, मऊ थर आहेत. वर माती आणि मुरूम. पाणी मुरले की मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. हिमालयात हिमस्खलनाचा अंदाज घेण्यासाठी बर्फात खड्डा खणून कमकुवत थर शोधतात. तिथे ताजा बर्फ, इथे पाऊस. वरचा भार वाढणे आणि खालचा आधार ढिला होणे हे दोन्हीकडे सारखेच.

पाऊस थांबला की धोका टळतो का?

नाही. मुरलेले पाणी उतारात राहते. त्यामुळे आजच्या उघडिपीपेक्षा मागच्या तीन-चार दिवसांचा पाऊस महत्त्वाचा. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. नगर शहरात ऊन असताना घाटघरला धो-धो पाऊस असू शकतो. हवामान विभाग नाशिक आणि पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. अकोल्याच्या डोंगरात जाणाऱ्यांनी तोही पाहावा.

पूर्वी दरड पडली नसेल तर?

तरीही खात्री नाही. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावात दीडशेहून अधिक बळी गेले.

वाटेवर काय पाहावे?

- जमिनीला पडलेल्या ताज्या भेगा, नुकतीच कललेली झाडे
- अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला ओढा, नवीन फुटलेला झरा
- वरून घरंगळणारे खडे, डोंगरातून येणारा घरघर आवाज

यातले एकही लक्षण दिसले तर तिथे थांबू नये. घळ ओलांडताना एकेकाने, वर लक्ष ठेवून जावे. कड्याखाली जेवायला बसू नये, तंबू लावू नये. दरड येताना दिसली तर उताराच्या दिशेने खाली न पळता बाजूला सरकावे. मदतीसाठी ११२ क्रमांक आहे, पण डोंगरात रेंज मिळेलच असे नाही. म्हणून वाट आणि परतीची वेळ घरी व पायथ्याच्या गावात सांगून जावे.

निर्णय कोणी घ्यायचा?

पायथ्याच्या गावकऱ्यांनी ‘आज नको’ म्हटले तर तो शेवटचा शब्द मानावा. त्या उतारावर ते वर्षभर राहतात. गटातील एकालाही धोका वाटला तर सगळ्यांनी माघारी फिरावे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. गाडीभाडे आणि सुट्टी वाया जाईल; गड पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.